कांताला सांगितलेली टेम्पुराची कृती

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला तर नाहीच. ऐकून तुम्ही कदाचित हसाल, म्हणाल, एवढंच? हो, एवढंच. गोष्ट झिंग्यांच्या भज्यांची आहे. पण सात वर्षं झाली, ती माझ्या मनातून जात नाही.

आधी कांताबद्दल सांगते. कांता माझी धाकटी जाऊ. आम्ही वाशिमला राहतो, ती आणि माझा दीर सुभाष रिठदला शेती बघतात. आणि कांता स्वयंपाक करते — म्हणजे कसा करते, सांगू? तिच्या हातचं साधं वांगं खाल्लं तरी माणूस दुसरी भाकर मागतो. पत्ता विचारायला आलेला माणूसही तिच्याकडे जेवून जातो. माझं लग्न तिच्या आधी झालं, पण ती आली आणि घरात ‘चव’ म्हटलं की कांता, असंच झालं. मला कुणी वाईट म्हणायचं नाही. पण माझ्या भाजीबद्दल कुणी काही बोलायचंच नाही. हे कारण म्हणून सांगत नाही. काय होतं ते सांगते आहे.

माझी लेक प्रज्ञा पुण्यात जपानी शिकली आणि दोन वर्षं जपानला नोकरीला होती. परत आली तेव्हा तिने मला टेम्पुरा, म्हणजे जपानी पद्धतीची भजी, शिकवला. झिंगे सोलायचे, पाठीतला काळा दोरा काढायचा, पोटाला बारीक चिरा द्यायच्या म्हणजे तळताना ते वळत नाहीत, आणि मग पुसून कोरडे करायचे. मैदा, थोडं कॉर्नफ्लोर, एक अंडं आणि बर्फाचं पाणी. बर्फाचंच. आणि ढवळायचं जवळजवळ नाहीच — पीठ गुठळ्यांसकट राहू द्यायचं आणि लगेच कढईत सोडायचं. बत्तीस वर्षं शाळेत शिकवलेली बाई मी, पण त्या दिवशी ओट्याशी लेकीची विद्यार्थिनी झाले. पहिला घाणा निघाला तेव्हा आम्ही दोघी उभ्याउभ्याच खात सुटलो. काय आवाज होता तो! पापड मोडावा तसा, आणि आत झिंगा लोण्यासारखा मऊ.

त्या रविवारी सगळ्यांना जेवायला बोलावलं. एकबुर्जी धरणाचे झिंगे मिळाले होते, चांगले बोटाएवढे. सुभाष, जो माणूस बायकोच्याही स्वयंपाकाला कधी ‘चांगलं’ म्हणत नाही, त्याने चार खाल्ले, पाचव्याला हात घातला आणि म्हणाला, “कांता, हे शिकून घे व वयनीपासून.”

मला काय वाटलं असेल? तीस वर्षांनी माझ्या ताटाकडे कुणी पाहिलं होतं.

कांता लगेच स्वयंपाकघरात आली. तिच्या चेहऱ्यावर हेवा नव्हता, नुसता आनंद होता. कॅलेंडरचं जुनं पान तिने उलटं केलं, पेन्सिल घेतली आणि म्हणाली, सांगा. आणि मी — आता सांगतेच — मी तिला सगळं उलटं सांगितलं. पाणी कोमट घे म्हटलं. पीठ हाताने चांगलं फेट, एकसुद्धा गुठळी नको म्हटलं. मग अर्धा तास झाकून ठेव म्हटलं. ती एकेक ओळ लिहीत होती, मध्येच ‘अर्धा तास?’ असं विचारून खात्री करून घेत होती. मी मान हलवत होते. शाळेत एका पोरालाही मी कधी चुकीचं गणित सांगितलं नाही.

पुढे काय झालं, तुम्हाला कळलंच असेल. तिचा मुलगा अमोल नोकरीला लागला तेव्हा तिने गावातल्या दहा घरांना बोलावलं आणि टेम्पुरा केला. पिठाची जाड मऊ गादी, तेल पिऊन बसलेली. सुभाष म्हणाला, थंडी वाजते म्हणून झिंग्याले रजई पांघरली काय. सगळे हसले, कांताही हसली. सगळ्यात मोठ्याने मी हसले.

ती हट्टी. तिने कढई बदलली, तेल बदललं, बोअरच्या पाण्याला दोष दिला, मग फिल्टरचं पाणी आणलं. अमोलने एकदा मोबाइलवर व्हिडिओ लावून दिला, तर तो तिने बंद करायला सांगितला. मोबाइलमधली बाई कोण कुठची, माह्या जाऊबाईनं सोता सांगितलं, म्हणाली. हे अमोलनेच मला हसत हसत सांगितलं. मीही हसले. अशी सात वर्षं गेली. टेम्पुरा करायचा झाला की मला रिठदला बोलावणं यायचं, मी पाहुणीसारखी जायची, कांताला झिंगे सोलायला बसवायची आणि पीठ मात्र तिचं लक्ष नसताना भिजवायची. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू? खूप आवडायचं.

मग एका दुपारी, भाकरी थापता थापता, तिने माझ्याकडे न बघता विचारलं, “जाऊबाई, माह्या हाताची चव गेली काय हो?”

मी काय म्हटलं असेल? काहीतरीच काय बोलतेस, म्हटलं. आणि पाणी प्यायला उठले. तिने तो प्रश्न दुसऱ्या कुणालाही विचारला नसता. मला विचारला.

यंदा अमोलच्या बायकोचं, रूपालीचं डोहाळजेवण होतं. सुनेला काय खावंसं वाटलं? टेम्पुरा. कांताचा फोन आला — तुम्हीच या, माह्यानं होत नाही. मी गेले. अंगणात मांडव, बायकांची गडबड, रूपालीच्या अंगावर हिरवी साडी, अमोल फुलांच्या माळा उलट्या बांधतोय. मी कांताचा हात धरून तिला ओट्यापाशी नेलं आणि म्हटलं, आज तू कर, मी नुसती उभी राहते. फ्रिजमधून बर्फ काढला. ती बघतच राहिली. कोमट पाणी ना? फेटायचं ना? मी म्हटलं, जपानात आता पद्धत बदलली, प्रज्ञाने कळवलंय.

बघा, सुधारायला गेले तेही खोटं बोलूनच.

कांताने पिठात चार वेळा काडी फिरवली, भीतभीत. पहिला झिंगा सोडला. तो तेलावर आला, फुलला, अंगभर जाळी धरली. तिने तो झाऱ्यात काढला, फुंकला, मोडला — आणि तो आवाज झाला. तिने माझ्याकडे पाहिलं. अठ्ठावन्न वर्षांची बाई, पोरीसारखी हसायला लागली. मग जे तळण सुरू झालं! ताटं भरून बाहेर जात होती, रिकामी येत होती. बायका दारात उभ्या राहून खात होत्या. रूपालीने किती खाल्ले, तिलाच ठाऊक. सुभाष आत आला आणि त्याने ताटली पुढे केली. कांता त्याला म्हणाली, “रजई कुठी गेली, पाहून घ्या.” इतकं हसणं त्या घरात मी कधी ऐकलं नव्हतं, आणि मीही अगदी मनापासून हसत होते, ते खरं.

मग ती हात पुसून मांडवात आली. सगळ्यांसमोर तिने शेवटच्या घाण्यातला सगळ्यात मोठा झिंगा माझ्या तोंडात घातला आणि म्हणाली, “मले आलं ते जाऊबाईमुळं. सात वर्षं शिकवून राह्यल्या, पण कंटाळल्या नाहीत.”

बायकांनी टाळ्या वाजवल्या. मला खरं बोलता आलं असतं. तोंडात घास होता, तो गिळेपर्यंत सगळे माझ्याकडे बघत थांबले होते, म्हणजे वेळही होता.

मी घास गिळला आणि म्हटलं, “पोरगी हुशार आहे, शिकवलं की येतंच.”