महालक्ष्म्यांच्या उंचीएवढा हात

उजवा खांदा आखडला तो उन्हाळ्यात. आधी वाटलं, झोपेत अवघडला असेल. मग वेणी घालता येईना, ब्लाउजची बाही चढवताना डोळ्यांत पाणी यायला लागलं, तेव्हा डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, "फ्रोझन शोल्डर है. शुगरवालों को हो जाता है. साल-डेढ़ साल में खुल जाएगा." माझ्याजवळ एवढा वेळ कुठे होता? भाद्रपदात महालक्ष्म्या यायच्या होत्या.

आमच्या महालक्ष्म्या उभ्या. लोखंडी स्टँडला साडी नेसवायची आणि सगळ्यात शेवटी वर जड पितळी मुखवटा बसवायचा. तो घरच्या सुनेनंच, दोन्ही हातांनी. एकदा उचलला की मध्ये खाली टेकवायचा नाही. आणि जिच्या हातून मुखवटे बसतील तिच्याच घरी महालक्ष्म्या राहतील, असं सासूबाई सांगून गेलेल्या. त्या गेल्यापासून मुखवट्यांची पेटी भोपाळला, माझ्याकडे. आम्हाला एकच मुलगी, ती सासरी. दुसरी सून म्हणजे नागपूरची माझी धाकटी जाऊ. माझा हात उठला नाही तर पेटी नागपूरला जाणार, हे कोणी बोलून दाखवलं नाही, पण ठाऊक सगळ्यांना होतं.

इंद्रपुरीत, आमच्या घराजवळच, फिजिओथेरपीचं क्लिनिक आहे. तिथली मुलगी खांद्यावर चिकट पॅड लावायची आणि मशीनचं बटण हळूच फिरवायची. "आंटी, बस चींटी चलने जैसा लगेगा." खरंच मुंग्या चालल्यासारखं वाटायचं. आमच्या ह्यांचा जन्म कारखान्यात ट्रान्सफॉर्मर तपासण्यात गेलेला. एवढ्याशा करंटनं काय होणार, म्हणाले. मलाही तेच वाटत होतं. मी तिला म्हटलं, "थोड़ा बढ़ा दो ना."

"तेज़ करने से जल्दी नहीं होगा, आंटी. इससे दर्द कम होगा. हाथ तो कसरत से ही खुलेगा, धीरे-धीरे."

हे 'धीरे-धीरे' ऐकलं की माझं डोकं फिरायचं.

भिंतीवर खाचा पाडलेली एक लाकडी पट्टी होती. तिच्यावर बोटं एकेक खाच वर चढवायची. मुखवटा बसतो त्या उंचीची खाच मी आल्या आल्या हेरून ठेवली होती. बोटं तिच्या पुष्कळ खाली अडायची. घरीही भिंतीशी उभी राहून जीव तोडून कसरत करायची मी, पण फरक दिसेना. फक्त पॅड काढल्यावर थोडा वेळ खांदा दुखायचा नाही, आणि तेवढा वेळ मला वाटायचं, झालं, आपण बऱ्या झालो.

म्हणून मी एक शक्कल लढवली. महालक्ष्म्या बसायच्या त्याच सकाळी करंट घेतला आणि दुखणं परतायच्या आत रिक्षानं घर गाठलं. दरवर्षीसारखी जाऊ मदतीला आलेली होती. साड्या तिनं नेसवल्या. मी समोर उभी राहिले, मुखवटा उचलला. दुखत नव्हतं. जरासुद्धा नाही. हात छातीपर्यंत आला आणि थांबला. दुखलं असतं तर दात आवळून रेटलं तरी असतं. दुखत नाही आणि जातही नाही, अशा हाताचं करायचं काय? सगळा भार डाव्या हातावर आला, मुखवटा कलायला लागला. खाली टेकवायचा नव्हता.

"ताई, द्या इकडे," जाऊ म्हणाली.

मी दिला. दुसराही तिनंच बसवला. मग ती माझ्या पाया पडली, तेव्हा रडत होती. तिचा राग यावा असं मला फार वाटलं, पण आला नाही. उजवा हात तिच्या डोक्यापर्यंत पोचला, कारण ती वाकलेली होती.

तिसऱ्या दिवशी बोळवण झाली. मुखवटे मीच मऊ कापडात गुंडाळले आणि पेटी नागपूरच्या गाडीत चढवून आलो. घरी आल्यावर हे म्हणाले, पुढच्या वर्षी आपण तिकडे जाऊ दर्शनाला. मी हो म्हटलं.

क्लिनिकला मात्र जात राहिले. हे सोडायला येतात, नाही कशाला म्हणायचं. आता पुन्हा उन्हाळा आलाय. परवा पट्टीवर बोटं चढवता चढवता त्या खाचेशी जाऊन टेकली. मुलीला आनंद झाला. म्हणाली, "आंटी, अब इससे ऊपर भी जाएगा."

मला त्या खाचेच्या वर कधीच जायचं नव्हतं.