नगराळे सरांचा बारावा धडा

रिकाम्या वर्गाला शिकवताना नगराळे सरांना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते मागच्या बाकाकडे बोट दाखवून उत्तराची वाट पाहत होते. बाकावर कोणी नव्हतं. टेबलावर पुस्तकांच्या थप्पीला टेकवलेला मोबाइल होता. काही वेळाने सरांनी मान हलवली. म्हणाले, "नाही. वायू पसरला, काम त्यानं केलं. मंग उणे चिन्ह कुठं गेलं तुयं?"

पांढरकवड्याच्या त्या कॉलेजात त्यांनी मलाही रसायनशास्त्र शिकवलं होतं. पुढे मी वार्ताहर झालो आणि कॉलेजाच्या नव्या ॲपची बातमी करायला गेलो होतो. झरी जामणीकडच्या मुलांना रोजचं येणं जमत नाही, म्हणून धडे मोबाइलवर द्यायचं ठरलं होतं. धडा पूर्ण ऐकला की त्याची सराव परीक्षा उघडे. मधला भाग ओलांडून पुढे जाता येत नसे.

सरांचे धडे लांबतात, अशी प्राचार्यांची तक्रार होती. प्रश्न विचारून सर गप्प बसत. त्या रिकाम्या जागा कापा म्हटलं, तर ऐकत नसत. "पोरायचं डोकं चालाले येळ लागते," ते मला म्हणाले. "मीच इचारलं अन् मीच सांगतलं, तं तो रेडिओ झाला." वर्गातही ते असेच होते. कोणी गोंधळलं की खिडकीबाहेर बघत म्हणायचे, "घाई नाही. थांबून आहो मी."

मुलं त्या धड्यांना जरा बिचकत. वहीत चिन्ह चुकलं की मोबाइलमधून सर चिन्ह चुकल्याचं सांगत. मी घरी एक धडा लावून प्रश्नाला गप्प बसून पाहिलं. आवाज आला, "तोंडात गुळणी धरली का?" आयुष्यभर त्याच चुका तपासलेल्या माणसाला पुढची चूक ठाऊक असणारच. तेव्हा मला एवढं स्पष्टीकरण पुरलं.

बारावा धडा रेकॉर्ड करताना सर गेले. शिपायाला ते खुर्चीत बसलेले आढळले. गडबडीत कोणीतरी मोबाइल बंद केला आणि धडा आपोआप ॲपवर चढला. तो काढायचा कसा, हे सरांशिवाय कोणाला माहीत नव्हतं. बर्फ वितळताना आपण उष्णता देत राहतो, तरी तापमान वाढत नाही. मग ती उष्णता जाते कुठं, असा सरांचा प्रश्न आहे. मग त्यांचं नेहमीचं, "घाई नाही. थांबून आहो मी." त्यापुढे नुसता पंख्याचा आवाज. मुलं तिथेच धडा बंद करत.

सुनंदा टेकामला तसं करता येईना. झरी जामणीकडच्या जंगलातल्या एका गावची ही मुलगी याच पेपरात दोनदा नापास झाली होती. या खेपेला पेपर निघाला नाही तर कॉलेज बंद, असं वडिलांनी सांगितलं होतं. तिला ती सराव परीक्षा हवी होती. गावातल्या शाळेमागच्या टेकडीवर, जिथे रेंज येते तिथे, भर दुपारी ती धडा लावून शेवटपर्यंत बसली.

"चारदा उत्तर देल्लं, भाऊ," ती मला म्हणाली. "तीनदा चुकलं. चौथ्यांदा म्हटलं, कणाकणातली पकड सोडवाले जाते उष्णता, म्हणून दिसत नाही. अन् पंखा थांबला. सर आयकून राह्यले होते."

मी धडा तपासला. एकेचाळिसाव्या मिनिटाला पंखा थांबतो. सर गेले त्या सकाळी कॉलेजात भारनियमन होतं, याची खात्री मी करून घेतली. पुढची नऊ मिनिटं काहीही ऐकू येत नाही. मग दार वाजतं, शिपाई "सर?" म्हणतो, आणि पडद्यावर परीक्षा उघडते.

सुनंदा पास झाली. निकाल घेऊन आली तेव्हा मी अभिनंदन केलं, तर म्हणाली, "पण सर बरोबर म्हणाले नाही अजून."

तो धडा आजही ॲपवर आहे. पूर्ण ऐकणाऱ्यांच्या यादीत तिचं एकटीचं नाव होतं. आता माझंही आहे. उत्तर मला येत होतं. मोठ्याने म्हणायचं धाडस झालं नाही.