लंगडीच्या ठेक्यावरचा अल्बम

ती जन्मली तेव्हा रडली नाही, तिने हाक मारली, असं तिची आई सांगायची. काम आटपून निघालेली सुईण कोपऱ्यावरून परत आली, आणखी एक राहिलं की काय बघायला. कागदावर नाव काही वेगळं होतं, पण ते कागदावरच राहिलं. लोकांच्या तोंडी बसलं ते भोंगा. शाळेची घंटा मोडली तेव्हा शिपायाने हिलाच ओट्यावर उभी केली आणि सुट्टी जाहीर झाली. लग्न होऊन सासरी आली, तर सासूने पहिल्याच दिवशी विचारलं,

"अगं, तू जवळून बोलतेस की गल्लीच्या टोकावरून?"

"जवळच आहे की मी, आत्याबाई."

"मग जरा टोकाला जा."

नवरा मात्र काही म्हणाला नाही. तो कधीच काही म्हणायचा नाही. त्याला सगळे मिस्त्री म्हणत. पंपापासून पंख्यापर्यंत कुरकुरणारी कुठलीही वस्तू त्याच्या हाताखालून गेली की तिची बोलती बंद. घरात एक दार करकरत नव्हतं, एक नळ ठिबकत नव्हता. बायको तेवढी त्याला दुरुस्त करता आली नाही, आणि खरं सांगायचं तर त्याने कधी पाना उचललाही नाही. भांडण झालं की तो गुपचूप तिच्या शिलाई मशीनला तेल घालून ठेवायचा. ती त्याची माफी. भोंग्याला ती कळायची, पण माफी ऐकू आली असती तर तिला जास्त बरं वाटलं असतं.

भोंगा कामाला होती एका मोठ्या लाँड्रीत. हॉटेलांच्या उशांचे अभ्रे, दवाखान्यांची ब्लँकेटं, खानावळींच्या टेबलांवरचे लालभडक कपडे, सगळं पोत्यांनी यायचं आणि गठ्ठ्यांनी जायचं. वाफेने भिंतींनाही घाम फुटलेला. तिच्या वाट्याला कपडे सुकवायचं मशीन आलं होतं. आत म्हैस बसेल एवढं त्याचं पिंप. ते ज्या रबरी चाकांवर फिरायचं, त्यातलं एक झिजून एका बाजूला चपटं झालं होतं, आणि मागच्या पत्र्याचा एक स्क्रू सैल होता. मशीन सुरू झालं की धप, धप-धप, खर्र. धप, धप-धप, खर्र. म्हणून त्या मशीनला सगळे लंगडी म्हणत. मालकाचं म्हणणं, चालतंय ना, मग हात लावू नका. नव्या बाया दोन दिवस डोकं धरून बसायच्या. भोंग्याचं डोकं काही दुखलं नाही, पाय हलायला लागला. पायामागून कंबर, कंबरेमागून गळा.

गंमत अशी की लंगडीच्या पोटात जसा माल, तसा तिचा ठेका. ओली ब्लँकेटं टाकली की ती पाय ओढत चालायची, आणि भोंग्याच्या गळ्यातून आतडं पिळणारं संथ काहीतरी निघायचं. अभ्रे टाकले की लंगडी उड्या मारायची, मग गाणंही टणाटण. शिवाय कपडे वाळतात तसे हलके होतात, पिंप मोकळं होतं. त्यामुळे रडत सुरू झालेलं गाणं बहुतेक वेळा नाचत संपायचं. शब्द तिचे स्वतःचे. साबण, सासू, पावसात चुकलेली बस, जे समोर येईल ते.

ही लंगडी तिने मिस्त्रीला कधी दाखवली नाही. दाखवली असती तर तो पाना घेऊनच आला असता.

एक दिवस एक माणूस गोधडीएवढी जाड दुलई धुवायला घेऊन आला. गळ्यात हेडफोन. दुलई देऊन झाली, पावती घेऊन झाली, तरी तो दारातून हलेना. मुकादमबाईंना वाटलं चोर आहे.

"काय पाहिजे?"

"आत कोण गातंय?"

"कुणी गात नाही. ती आमची भोंगा आहे, तिचं काम चाललंय."

हेडफोनवरून त्याचं नाव पडलं कानवाला. बसस्टँडवर 'गाडी सुटण्याच्या तयारीत आहे' असं जे ऐकू येतं, ते रेकॉर्ड करून त्याचं पोट चालायचं. त्याने भोंग्याला सांगितलं, ताई, तुमचा अल्बम काढू. भोंग्याला वाटलं फोटोचा. कळलं तेव्हा ती इतकी हसली की इस्त्रीवाल्या बाया बघायला आल्या.

त्याने आधी तिला आपल्या रेकॉर्डिंगच्या खोलीत नेलं. भिंतींना स्पंज, दाराला स्पंज, आवाज आत मुरून मरायचा. भोंगा तिथे अशी गायली, जशी कुणी पोलिसांपुढे जबाब देतेय. शेवटी तोच वायरी गळ्यात घालून लाँड्रीत आला, आणि सुट्टीच्या दिवशी दार लावून एकेक गाणं उतरवू लागला. गाणी एका जातीची नव्हतीच. एक पॉप, एक अंगाई, एक बँडबाजा, आणि ब्लँकेटांवरची सगळी सोल.

"सोल म्हणजे काय हो?" सासूने विचारलं.

"आत्म्यातून गायचं, आजी."

"मग हिचा आत्मा बेंबीखाली असणार. तिथूनच जोर काढते."

घरोघर गाणी पोचवणारी जी कंपनी कानवाल्याने गाठली होती, तिच्या साहेबाने ऐकलं, मान डोलावली, पाय हलवला आणि विचारलं, हे ठेवायचं कुठल्या फळीवर? पॉप म्हणावं तर मधेच रडतंय, सोल म्हणावं तर उड्या मारतंय. एका जातीची तेवढी ठेवा, बाकीची काढा.

"बरोबर बोलला," मुकादमबाई म्हणाल्या. त्यांचा सगळा जन्म एका नियमावर गेला होता. "रंगीत वेगळं, पांढरं वेगळं. मिसळलं की वाटोळं."

भोंगा दोन दिवस गप्प होती. लोकांना वाटलं आजारी आहे. तिसऱ्या दिवशी बोलली, "एकही काढायचं नाही. शेवटचं गाणं सगळ्याचं मिळून करते. ब्लँकेटं, अभ्रे, टेबलाचे कपडे, सगळं एका पिंपात. ते ऐकलं की बाकीची आपोआप एकत्र बसतील. ती गाठ आहे. गाठ नसली तर गठ्ठा सुटणारच."

साहेब म्हणाला, सोमवारी ऐकवा. जमलं तर सगळा अल्बम, नाही तर निम्मा. म्हणजे हातात एकच दिवस, रविवारचा. कानवाल्याने मित्राकडून भारीतला माईक मागून आणला, तोही संध्याकाळी परत करायच्या बोलीवर.

शनिवारी जेवताना भोंगा नवऱ्याला म्हणाली, "उद्या शेवटचं गाणं. तुम्हीही या. मशीनपाशीच गाते मी."

मिस्त्रीने मान हलवली. हात धुतले आणि हत्यारांची पिशवी घेऊन बाहेर पडला. कुणाचा तरी पंप बिघडला असेल म्हणून तिने विचारलंही नाही.

रविवारी सकाळी सगळे जमले. कानवाल्याने वायरी पसरल्या. मुकादमबाई हाताची घडी घालून उभ्या, स्वतःच्या बहिणीचं ऑपरेशन चालू असल्यासारख्या. भोंग्याने ओलं ब्लँकेट टाकलं, लाल कपडे टाकले, वर पांढरे अभ्रे. मुकादमबाईंनी डोळे मिटून घेतले. भोंग्याने बटण दाबलं.

काही नाही.

म्हणजे पिंप फिरत होतं. मांजर गादीवरून चालावं तसं फिरत होतं.

"लाईट गेली का?" सासू म्हणाली.

भोंग्याने मशीनला कान लावला. थाप मारली. मग ती हळूच वळली. भिंतीला टेकून मिस्त्री उभा होता, आणि त्याच्या तोंडावर हसू होतं. ते हसू घरच्यांनी फार कमी वेळा पाहिलं होतं.

"चारही चाकं नवी टाकली," तो म्हणाला. "पत्रा आवळला. काल बाईंकडून किल्ली घेतली. एवढा खडखडाट, तुझ्या गाण्यात यायला नको."

"मला वाटलं प्लग बघतील," मुकादमबाई पुटपुटल्या.

भोंग्याने मशीन बंद केलं. कानवाला खुर्चीतून घसरून खाली बसला.

"मिस्त्री, तो खडखडाटच तर अल्बम आहे."

"खडखडाट?"

"तोच ठेका. सगळ्या गाण्यांना."

मिस्त्रीचं हसू विरलं. "बिघडलेलं मशीन लोकांना ऐकवणार?"

"जुन्या गाण्यातला आवाज काढून चिकटवू का?" कानवाल्याने भोंग्याला विचारलं.

"फोटोबरोबर नाचता येतं का?" भोंगा म्हणाली. "कपडे वाळतात तशी ती पुढे सरकते, मग मी सरकते. चिकटवलेलं कुठून सरकणार?"

मग जो तो अक्कल चालवू लागला. मुकादमबाईंनी टॉवेलात गुंडाळून वीट टाकली. कुणी जिन्यावरून कपाट ढकलतंय असं वाटलं. सासूने आपल्या चपला टाकल्या.

"हे तर कुणाला तरी हाणताहेत," कानवाला म्हणाला.

"तुलाच हाणते, थांब," सासू म्हणाली. "माझ्या चपला दे आधी."

भोंगा हसत होती आणि डोळेही पुसत होती, दोन्ही एकदमच. "अहो, ते जुनं चाक पुन्हा बसवा ना."

"बिघडवायचं काम मी शिकलो नाही," मिस्त्री म्हणाला, आणि पिशवी उचलून दाराकडे निघाला.

दारात कानवाल्याने त्याला गाठलं. काही समजावलं नाही, वाद घातला नाही. गळ्यातले हेडफोन काढून त्याच्या कानांवर चढवले. भोंग्याने आजवर एकही गाणं घरी ऐकवलं नव्हतं, घरी लंगडी नव्हती ना. मिस्त्री आधी मशीन ऐकू लागला, सवयीने. धप, धप-धप, खर्र. चाक गेलंय, स्क्रू सैल आहे, हे त्याला कळलं. मग त्या ठेक्यावर बायको आली, ब्लँकेटांच्या संथ चालीत:

*गप्प गप्प माणसा रे, नळही केलास गप्प,*
*थेंब तेवढा बोलायचा, आता तोही चूप.*
*रात्र आहे एवढी लांब, बोलू मी कुणाशी?*
*एक तरी दार ठेव करकरतं माझ्यापाशी.*

गाणं संपलं तरी हेडफोन कानांवरच. मग ते काढून त्याने कानवाल्याच्या हातात दिले, आणि पिशवी उघडली. तळाशी चिंधीत गुंडाळलेलं ते चपटं चाक होतं. नवा भाग आठवडाभर नीट चालेपर्यंत जुना फेकायचा नाही, ही मिस्त्री लोकांची पद्धत, आणि हा तर पद्धतीतलाही पद्धतशीर. तो मशीनखाली आडवा झाला. नुसते पाय बाहेर.

"स्क्रू किती सैल होता?" खालून आवाज आला.

"मी काय मोजला होता? आवाज करून दाखवते. खर्र."

"असा?"

"हे घोरणं झालं. आत्याबाई अशा करतात."

"मी घोरत नाही," सासू म्हणाली.

"जरा सैल. अजून. खर्र. नाही, त्यात थोडी कुरकुर हवी. खर्र."

"खर्र?"

हा खर्र स्क्रूचा नव्हता. मिस्त्रीने तोंडाने काढला होता. सगळे एकमेकांकडे बघू लागले. भोंग्याने परत काढला, त्याने खालून परत काढला, अर्धा आटा फिरवला, आणि नवरा-बायकोचं असं बोलणं चाललं, जसं इतक्या वर्षांत झालं नव्हतं. सगळं संभाषण एका अक्षराचं, पण दोघांनाही पुरेसं.

लंगडी सुरू झाली. धप, धप-धप, खर्र.

भोंग्याने श्वास घेतला, तो कुठून ते सासूला ठाऊक. आधी ब्लँकेट भारी, म्हणून गाणं तळातून निघालं, जड, ओलं. मग लाल कपडे सुटे झाले आणि त्यात बँड शिरला. कुणी बोलावलं नव्हतं, तरी मुकादमबाईंचा पाय हलायला लागला. त्यांनी तो दुसऱ्या पायाने दाबला, तर दोन्ही हलू लागले. शेवटी अभ्रे वाळून उडायला लागले, लंगडी धावायला लागली, आणि भोंगा अशी वर चढली की खिडकीची काच थरथरली. कानवाला एका हाताने बटणं सांभाळत होता, दुसऱ्या हाताने सासूला गरागरा फिरवत होता. सासू शिव्या देत होती आणि फिरत होती.

गाणं संपलं. लंगडी एकटीच चालत राहिली. कानवाल्याने बोट ओठांवर ठेवलं, शेवटचा ठेका विरू द्यायचा होता. सगळे श्वास रोखून उभे. मिस्त्रीला मात्र वाटलं, काम झालं, मशीन उगाच चालतंय.

"बंद करू का?" त्याने विचारलं.

भोंगा फस्सकन हसली. "राहू द्या हो. चालू दे."

मशीन उघडलं तेव्हा पांढरे अभ्रे गुलाबी झाले होते. मुकादमबाईंनी एक उचलला, उजेडात धरला, बराच वेळ पाहिला. "हॉटेलवाल्याला सांगते, नवी फॅशन आहे," त्या म्हणाल्या, आणि दुसरा हळूच आपल्या पिशवीत टाकला.

सोमवारी साहेबाने ते गाणं ऐकलं आणि फळीचा विषय पुन्हा काढला नाही. म्हणाला, दारातच ठेवू, येणाऱ्याच्या पायात येईल असं. फक्त शेवटी कुणीतरी माणूस बोलतोय, ते कापा. भोंगा म्हणाली, बाकी काहीही कापा, ते नाही.

अल्बम निघाला, गुलाबी अभ्र्याच्या चित्राचा. लोक लग्नात लावतात, गाडीत लावतात, मूल झोपत नसेल तर लावतात आणि मग स्वतःच जागे राहतात. लंगडीला अजून कुणी हात लावलेला नाही. मिस्त्री महिन्यातून एकदा जाऊन स्क्रू तेवढाच सैल आहे ना, ते बघून येतो. कामावर त्याची फार थट्टा चालते. तो पंप उघडायला वाकला की मागून कुणीतरी विचारतंच, "काय मिस्त्री, बंद करू का?"

पूर्वी तो ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. आता मान वर न करता उत्तर देतो, "राहू दे. चालू दे."

आणि घरात, मोरीच्या दाराची एक बिजागरी हल्ली करकरते. तेलाची बाटली तिच्या वरच्याच फळीवर ठेवलेली असते, भरलेली.