विहीणबाई, पाच जण आणि एकच नळी

आमच्या एडिसनहून मायामीला शहाणी माणसं विमानाने जातात. आम्ही गाडीने गेलो. एक तर चकल्या, गोडा मसाला आणि विहीणबाईंसाठी घेतलेली पितळी समई विमानात न्यायची म्हणजे बॅगांचे पैसे वेगळे, आणि दुसरं म्हणजे आमचे डॉक्टर, म्हणजे माझे यजमान, निवृत्त झाल्यापासून त्यांना कुठेही लवकर पोचायचं नसतं.

निमित्त मात्र मोठं होतं. आमची मुलगी ईशा मायामीत नोकरी करते. तिला तिथे निको भेटला, आणि आता निकोच्या आईला भेटून लग्नाचं पक्कं करायचं होतं. या बाई म्हणजे नोरा, मूळच्या अर्जेंटिनाच्या. निघायच्या आदल्या दिवशी ईशाचा फोन आला.

"आई, त्या माते देतील. हर्बल टी असतो. एकाच भांड्यातून, एकाच स्ट्रॉने सगळे पितात. बाबांना प्लीज प्रिपेअर कर. नाही म्हणालात तर शी विल फील सो बॅड."

डॉक्टर पॅथॉलॉजिस्ट होते. लोकांच्या घशात काय काय वस्तीला असतं ते त्यांनी आयुष्यभर मायक्रोस्कोपखाली पाहिलंय. त्यातून वाढले सदाशिव पेठेत. म्हणजे उष्टं न खाण्यामागे त्यांच्याकडे धर्म आणि विज्ञान दोन्ही हजर. पेयाचं नाव ऐकून त्यांनी हात जोडले आणि "माते, सांभाळ" एवढंच म्हणाले.

जाणार असाल तर सांगते: आय-नाइंटीफाइव्ह हा रस्ता सरळ, सोपा आणि कमालीचा कंटाळवाणा आहे. वॉशिंग्टनच्या आसपास ट्रॅफिक हमखास मिळतं, तेवढं सकाळी लवकर निघून चुकवा. आमचा टोलचा ई-झेडपास थेट फ्लोरिडापर्यंत चालला. पहिला मुक्काम साउथ कॅरोलायनात एका मोटेलवर केला. शंभर डॉलरच्या आसपास खोली, नाश्त्याला वॉफल, आणि गादी मधे खचलेली. दुसऱ्या दिवशी रस्त्याकडेला चक्क उकडलेल्या शेंगा मिळाल्या, मिठाच्या पाण्यातल्या, गरम. हव्या तेवढ्या घ्या, पण शाकाहारी असाल तर आधी विचारा, कुठे कुठे त्यात हॅमचा तुकडा टाकतात. फ्लोरिडा सुरू झालं की आलंच मायामी असं वाटतं. तसं काही नसतं, पुढे अजून अर्धा दिवस फ्लोरिडाच असतं.

शेंगा सोलता सोलता डॉक्टर मला तोंडातल्या जंतूंची नावं सांगत होते. मी हूं हूं करत होते. माझी भीती वेगळी होती. गेलं वर्षभर ईशाच्या फोनवर नोराच जास्त असायची. नोराने हे शिकवलं, नोराकडे रविवारी ते केलं. मुलगी सुखात आहे हे कळत होतं, आणि तरीही ती आपल्या घरातून उठून दुसऱ्यांच्या घरात जाऊन बसलीय, आता आपण पाहुणे, असं सारखं वाटायचं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर डॉक्टरांनी त्यालाही एखाद्या जंतूचं नाव दिलं असतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मायामी बीचच्या उत्तर टोकाला गेलो. तिथे अर्जेंटिनाच्या लोकांच्या बेकऱ्या आहेत. मक्याचं सारण भरलेली एम्पनाडा मागा, आपल्या करंजीची तिखटमिठाची बहीण आहे. चार-पाच डॉलरला एक. दोन बिस्किटांमध्ये आटवलेल्या दुधाचा थर असलेली अल्फाहोर सोडू नका. पार्किंगचे पैसे भरताना मात्र त्या अल्फाहोरचा गोडवा उतरतो.

चार वाजता नोराकडे. बुटकीशी बाई, मोठा चष्मा. तिने मला मिठी मारली, डॉक्टरांच्या गालाला गाल लावला. डॉक्टर लाकडासारखे उभे. समई तिने दोन्ही हातांनी घेतली आणि खिडकीत ठेवली. मग आम्ही पाच जण गोल बसलो आणि माते आलं.

मुठीएवढं भोपळ्याचं भांडं. त्यात वाळलेल्या पाल्याचा हिरवा चुरा, आणि त्यात रोवलेली धातूची नळी, खाली बारीक गाळणी असलेली. नोरा थर्मासमधून पाणी ओतत होती.

"पाणी उकळतं असतं का?" डॉक्टरांनी आशेने विचारलं.

"छे, उकळलं तर पाला जळतो. नुसतं गरम." नोरा खूश झाली, पाहुण्यांना रस आहे म्हणून. डॉक्टरांची शेवटची आशा मावळली.

पहिलं भांडं नोराने स्वतः प्यायलं. पहिलं सगळ्यात कडू असतं, ते पाहुण्याला द्यायचं नाही. दुसरं माझ्याकडे आलं. किराईताच्या काढ्यात धूर आणि सुकं गवत मिसळलं तर जे होईल ते. मी तळापर्यंत प्यायले, भांडं परत दिलं, आणि चाळीस वर्षांच्या अमेरिकन सवयीने, वर ठसठशीत नमस्कार करून म्हणाले, "थँक्यू सो मच, नोरा."

नोरा जराशी थबकली, हसली. भांडं भरून डॉक्टरांना दिलं. त्यांनी डोळे मिटले आणि एका दमात संपवलं. तोंडातून शब्द फुटला नाही. मग निको, मग ईशा, मग नोरा. आणि पुढचं भांडं थेट डॉक्टरांकडे.

मला वाटलं, चुकून झालं असेल. तिसऱ्या फेरीतही तेच. माझ्या गुडघ्यासमोरून भांडं पुढे जात होतं. ईशा न बघता घ्यायची, न बघता परत द्यायची, नोराच्या खांद्याला खांदा लावून. मी मधोमध बसून बाहेर होते. आजवर लग्नांमध्ये रुसलेल्या विहिणींना मी पोट धरून हसलेय. त्या दिवशी मीच पाण्याचं निमित्त करून स्वयंपाकघरात गेले.

ईशा मागोमाग आली. "आई, काय झालं?"

"काही नाही. मुलाच्या आईने मुलीच्या आईला वगळायची तुमच्याकडे पद्धत असेल."

"वगळायची? अगं, तू थँक्यू म्हणालीस ना."

"मग काय शिव्या द्यायच्या?"

"माते पिताना थँक्यू म्हणजे आता मला पुरे, नो मोअर. मी सांगायचं विसरले यार." तिने कपाळाला हात लावला. "आणि नोरा तिकडे निकोला विचारतेय, तुझ्या सासूला आमचं माते आवडलं नाही का? शी इज ऑलमोस्ट क्राइंग."

म्हणजे दोन्ही विहिणी एकाच वेळी रुसल्या होत्या.

ईशाने पुढे जाऊन खुलासा केला. मी बाहेर आले तेव्हा नोरा जुना पाला काढून नवा भरत होती. पहिलं कडू तिने पुन्हा स्वतः घेतलं आणि दुसरं माझ्यापुढे धरलं. मी प्यायले, भांडं परत दिलं, आणि ओठ घट्ट मिटून बसले. तिने भरून पुन्हा आणलं. चवही हळूहळू निवळत गेली. तेवढ्यात डॉक्टरांनी विचारलं, "पुरे म्हणायला काय म्हणायचं असतं म्हणालीस?" ईशाने सांगितलं. त्यांनी थोडा विचार केला. "राहू दे," म्हणाले, आणि हात पुढे केला. (संध्याकाळी माते प्यायलात तर झोपेचं खोबरं होतं, हेही लिहून ठेवते.)

आता आमच्याकडेही एक भोपळा आणि नळी आहे. मिळून तीसेक डॉलर पडले. पाल्याची अर्ध्या किलोची पिशवी आठ-नऊ डॉलरला ऑनलाइन येते. डॉक्टर गळ्याशपथ सांगतात की परत आल्यावर त्यांनी घशाच्या चाचण्या केल्या नाहीत.

महिन्याभराने ईशा लग्नाची साडी बघायला एडिसनला आली. शाळेत जायला लागल्यापासून ही मुलगी मला प्रत्येक गोष्टीला थँक्यू म्हणते. पोळी वाढली, थँक्यू आई. केस विंचरले, थँक्यू आई. मला त्याचं किती कौतुक होतं, चारचौघींत सांगायचे. त्या सकाळी ती ओट्याला टेकून साड्यांचे फोटो बघत होती. मी आल्याचा चहा तिच्या हातात दिला. तिने तो प्यायला, काही बोलली नाही, आणि फोनवरची नजर न काढता रिकामा कप माझ्यापुढे धरला.

मी पुन्हा भरला.