उष्टं, उरलेलं आणि कोठीवाले नाना

मी आज जो काही आहे तो आमच्या बोर्डिंगच्या कोठीवाल्या नानांमुळे आहे, आणि नगर शहरातले निदान शंभर यजमान स्वतःच्या मुलीच्या लग्नात सुखाने जेवू शकले नाहीत, तेही कोठीवाल्या नानांमुळेच. नव्वद-एक्क्याण्णवच्या सुमाराला नगरात मंगल कार्यालय ठरवताना लोक पाण्याची टाकी बघत, भटारखाना बघत आणि मग हळूच विचारत, "त्या बोर्डिंगवाल्याला तारीख कळली नाही ना?" तारीख कळलेली असायचीच. पंगत रंगात आली की दाराशी एक सायकल टेकली जाई, हँडलला दोन मोठे पितळी डबे, आणि त्यांच्या मागून नाना. ते आहेर आणत नसत आणि जेवायलाही बसत नसत. हात मागे बांधून पंगतीच्या कडेने सावकाश फिरत, आणि ते जिथे थांबत तिथल्या माणसाचा घास घशातच अडके.

कोठी म्हणजे बोर्डिंगची धान्याची खोली. तिची किल्ली नानांच्या करगोट्याला असे. उंच, वाळलेले, पायजमा घोट्याच्या वर चार बोटं, असे हे गृहस्थ मूळचे पारनेरच्या बाजूचे. मुलांची नावं लक्षात ठेवणं त्यांना फुकटचा खर्च वाटत असावा. ते गावावरूनच हाक मारत. "ए पारनेर, पानी भर." "ए राहुरी, किती वाढतोस?" मी जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याचा, म्हणून मी 'खर्डा'. पहिल्याच दिवशी माझ्याकडे नखशिखान्त बघून ते म्हणाले, "नावच भाकरीसंगं तोंडी लावायचं हाय तुझं. तुला उपाशी कसं ठिवनार?"

जेवायला बसण्याआधी कोठीच्या दारात उभं राहून आकडा सांगावा लागे. "किती?" "तीन भाकरी." मग तीनच. अडीच खाऊन उठलात तर उरलेली अर्धी नाना तुमच्यासमोर उभे राहून संपवायला लावत. आमच्या विद्यापीठात 'अंदाज' नावाचा पेपर असता, तर आमच्या बोर्डिंगमधली सगळी मुलं पहिल्या वर्गात आली असती. जेवण झाल्यावर ताट धुण्याआधी दाखवायचं. नाना ते पोथीसारखं वाचत. "पारनेर, ही कोथिंबीर काय शोभंला घातलीया व्हय? माझ्या तालुक्याचं नाव घालवू नगं." कढीपत्त्याच्या पानाला तेवढी माफी होती.

टाकण्याइतकाच त्यांना जास्त खाण्याचा राग होता. एका रविवारी राहुरीच्या मुलाने पैज लावून बावीस पोळ्या खाल्ल्या. आम्ही टाळ्या वाजवत होतो. नाना त्याच्यासमोर मांडी घालून बसले. "चार खाल्ल्यास भुकेनं. बाकी अठरा कशानं खाल्ल्या?"

"पैजेनं, नाना."

"मग आता पैजंलाच हगवन लागंल बग."

पैज म्हणजे काय ते आम्हाला पुढचे दोन दिवस बोर्डिंगच्या मागच्या बाजूला दिसत होतं. नाना म्हणायचे, "उकिरडा बाहेर असू दे न्हाई तर पोटात. टाकलं ते टाकलंच."

आणि ते लग्नातले व्यापारी! आडत बाजारातल्या एका वजनदार गृहस्थांनी आठ गुलाबजाम घेतले आणि पाचव्याला हात आखडला. नाना पाट ओढून शेजारी बसले. "मालक, दमानं. घाई न्हाई. मी बसतो हितं, गप्पा मारू." पाऊण तास त्यांनी पाऊसपाणी, कांद्याचा भाव, मालकांच्या मुलांची शिक्षणं, सगळं विचारलं. पंगती बदलल्या, पण मालकांना उठता येईना. शेवटी आठवा गुलाबजाम गेला तेव्हा नानांनी त्यांना मनापासून नमस्कार केला. मग भटारखान्यात जाऊन पातेल्यात उरलेला भात आणि भाजी डब्यांत भरून घेतली आणि सायकल मारत माळीवाड्याच्या स्टँडमागच्या झोपड्यांकडे गेले. पानांवर टाकलेल्याला ते कधी हात लावत नसत. "उष्टं येगळं, उरलेलं येगळं," हा त्यांचा कायदा होता. उष्टं जनावराचं, उरलेलं माणसाचं.

हा सगळा छंद कुठून आला, हे त्यांनी एकदाच सांगितलं, तेही तांदूळ निवडता निवडता. बहात्तरच्या दुष्काळात ते खडी फोडण्याच्या कामावर सुकडी, म्हणजे मजुरांना मिळणारा सरकारी खाऊ, वाटायला होते. "तरना हुतो. हात सैल. पुढं उभ्या असलेल्यांना डाव भरभरून दिला. शेवटच्या सात बाया राह्यल्या अन् पातेलं खरवडलं. त्यातल्या एकीनं ताटली तशीच धरली हुती. तिला वाटलं, मी चेष्टा करतोय." एवढं बोलून त्यांनी तांदळातला खडा बाहेर टाकला आणि मला म्हणाले, "मीठ आन."

माझ्यावरचे त्यांचे उपकार एका भाकरीचे आहेत. आमच्या घरी संध्याकाळची चूल पेटेलच असं सकाळी कुणी सांगू शकत नसे. आईवडील ऊसतोडीला देवळाली प्रवरेकडे गेले की आम्ही भावंडं पिठाचा डबा वाजवून बघायचो. त्यामुळे बोर्डिंगमध्ये दोन वेळा जेवायला मिळायला लागलं तरी माझा विश्वास बसेना. मी रोज चारचा आकडा सांगून तीन भाकरी खायचो आणि चौथी शर्टात लपवून पेटीत ठेवायचो. दहा-बारा दिवसांत पेटीला मुंग्या लागल्या, वास सुटला आणि एका सकाळी मुलांनी पेटी उघडली. बुरशी आलेल्या अकरा भाकऱ्या निघाल्या. "भाकरीचोर" म्हणून हशा सुरू झाला तेवढ्यात नाना आले. ज्या माणसाने अर्ध्या भाकरीसाठी मुलांना उभं केलं होतं, तो आता मला हाकलून देणार, असं मी धरून चाललो. माझी पिशवी कुठे आहे तेही मी बघून ठेवलं.

नानांनी मुलांना बाहेर काढलं. मला कोठीत नेलं. एक ॲल्युमिनियमचा डबा घेतला, खिळ्याने त्याच्या झाकणावर 'खर्डा' असं कोरलं आणि त्यात ताजी भाकरी ठेवली. "ही तुझी. सकाळ, दुपार, कवाबी ये. कोठी बंद असली तर मला उठव. पन पेटीत ठिवू नगं, तिथं तिला हवा लागत न्हाई."

पहिले आठ-दहा दिवस मी रोज जाऊन डबा उघडून बघायचो. भाकरी असायची. मग बघणं कमी झालं, मग थांबलंच. आपल्या नावाची एक भाकरी तिथे आहे, एवढं नक्की झाल्यावर मला पहिल्यांदा पुस्तकातलं वाचलेलं कळायला लागलं. मी बी.ए. झालो, आमच्या घराण्यातला पहिला. निरोप घेताना सहज विचारलं, "नाना, त्या डब्यातली शिळी भाकरी कुठं जायची?" ते म्हणाले, "कुठं जानार? सकाळी चहात." तीन वर्षं तो माणूस रोज माझी शिळी भाकरी खात होता.

पुढे मला शाळेत नोकरी लागली आणि माझं लग्न ठरलं. इथे आमच्या आबांबद्दल, म्हणजे वडिलांबद्दल, सांगायला हवं. आम्ही बौद्ध. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा आबा दहा-बारा वर्षांचे होते. त्याआधी गावात लग्न असलं की आजोबा आबांना घेऊन लांब बाभळीखाली बसत, पंगती उठायची वाट बघत. मग जे मिळेल ते पाटीत घेऊन येत. दीक्षेच्या दिवशी आजोबांनी ती पाटी जाळली. आबांनी जन्मभर मनाशी एकच ठरवलं होतं, आणि माझ्या लग्नात ते बोलून दाखवलं: "माज्या दारात उरलं पायजे. लई उरलं पायजे. गावाला दिसू दे." पाचशे माणसं येणार होती, आबांनी आठशेंचा स्वयंपाक सांगितला.

नाना पहिल्या एसटीने आले. हातात सवयीने ते दोन पितळी डबे. बुद्धवंदना झाली, लग्न लागलं. नाना भटारखान्याकडे वळले, भाताची पातेली बघितली आणि माझ्याकडे बघून डोक्याला हात लावला. तेवढ्यात आबा आले. त्यांचं लक्ष डब्यांवर गेलं.

"हे कशाला, नाना?"

"रस्त्याच्या कामावर मानसं हाईत ना फाट्यावर, त्येंना. लई होनार हाय हे, आबा."

आबांचा चेहरा दगडासारखा झाला. "माज्या दारातलं उष्टं कुनाच्याबी पोराला जानार न्हाई."

"उष्टं न्हाई हो. उरलेलं."

"तुमच्यात दोन शब्द हाईत, नाना," आबा म्हणाले. "आमाला मिळायचं तवा एकच हुता."

नगरच्या व्यापाऱ्यांना पाऊण तास बसवून ठेवणाऱ्या नानांनी पुढे धरलेले डबे मागे घेतले. मी मधे पडलो. त्यांच्या हातातून डबे काढून घेतले आणि म्हणालो, "नाना, आज राहू द्या. आज तुम्ही पाहुणे." डबे नेऊन मी आतल्या खोलीत कोंडले. त्यांच्या हातांकडे तेव्हा बघायला हवं होतं, मी बघितलं नाही.

पंगत बसली. बोललेलं मनाला लागलं म्हणून असेल, आबा स्वतः नानांना वाढायला आले. दोन जिलब्या, मग आणखी दोन. "घ्या नाना, माज्या हातचं." आपल्याकडे पोट भरलं की पानावर हात आडवा धरायचा. वाढणारा त्यावरूनही आग्रह करतो, मग दोन्ही हात धरायचे. हे नानांनी आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. मी बघत होतो, नाना आता हात धरतील. त्यांनी धरला नाही. भात आला, घेतला. बुंदी आली, घेतली. आबा वाढत राहिले आणि नाना खात राहिले, घामाघूम होऊन, मान खाली घालून. पंगतीतले लोक हसायला लागले. "पाहुना जोरात हाय की!" पानावर शीत ठेवायचं नाही हा त्यांचा नेम. नेम पाळायचा तर सगळं खायला हवं, नाही तर हात धरायला हवा. आणि हात का धरत नाहीत, ते माझ्या हळूहळू लक्षात आलं. नाना मोठ्या शेतकरी घरातले. त्यांच्या वाडवडिलांनी आमच्या लोकांच्या दारचं पाणी घेतलं नव्हतं. त्या दिवशी, त्या बोलण्यानंतर, त्यांनी आबांच्या हाताखाली आपला हात आडवा धरला असता, तर आबांना त्याचा कोणता अर्थ लागला असता?

त्यांचं पान स्वच्छ झालं. दोघांनी धरून उठवलं. ते म्हणाले, "झकास झालं, आबा," आणि दुपारच्या एसटीने रिकाम्या हातांनी गेले. पुढचे चार दिवस दवाखान्यात होते. बोर्डिंगमध्ये मुलांना विनोद मिळाला: नानांनी खर्ड्याच्या लग्नात जिलब्या हाणल्या, आता उकिरडा कुठं गेला विचारा. नानांनी कुणालाही खरं कारण सांगितलं नाही.

नाना जाऊन आता काही वर्षं झाली. त्यांच्यानंतर आलेल्या कोठीवाल्याने मला बोलावून तो 'खर्डा' कोरलेला डबा दिला. भाकरी नव्हती. आत मी नानांना पाठवलेलं पत्र होतं, चार घड्या घातलेलं. कोरा कागद वाया घालवणं त्यांना जमणारं नव्हतं, म्हणून मागच्या बाजूला त्यांनी बाजाराची यादी लिहिली होती: वांगी, खडेमीठ, काडेपेटी, आणि सगळ्यांत खाली, दोनदा अधोरेखित केलेलं, 'खर्डा. पहिली एसटी. डबे चार.'

पत्र असं होतं:

तीर्थरूप नानांना सविनय जयभीम.

तुमची तब्येत बरी असल्याचं मुलांकडून कळलं. लिहायला दोन महिने लावले, कारण काय लिहावं ते सुचत नव्हतं. मी तुमच्या हातातून डबे काढून घेतले. तुम्ही माझ्या हातात डबा दिला होता आणि मी तुमचे काढून घेतले, हे मला रोज आठवतं.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी भात आंबला. आबांनी बाभळीपलीकडे स्वतः खड्डा खणला. मला हात लावू दिला नाही. चार पातेली ओतली. माती लोटताना ते मधेच थांबले आणि मला म्हणाले, "त्येंनी हात का न्हाई धरला रं?" मी म्हणालो, "आबा, तुमच्यासाठी." मग त्यांनी फावडं माझ्या हातात दिलं. बाकीची माती मी लोटली.

येत्या शनिवारी धाकट्या बहिणीचं लग्न आहे. स्वयंपाकाचा आकडा तुम्ही ठरवायचा, असं आबा म्हणतात. कोठीची किल्ली तुमच्याकडे राहील. डबे घासून ठेवले आहेत, पण दोन पुरणार नाहीत. आबांनी एक तोड काढली आहे, ती त्यांच्याच शब्दांत लिहितो: "पातेल्याला कुनाचा हात लागायच्या आधी, पंगत बसायच्या आधी, पहिलं वाढप फाट्यावरच्या मानसांचं. ते उष्टंबी न्हाई अन् उरलेलंबी न्हाई. त्याला काय म्हनायचं ते नानांनी ठरवावं."

आणखी एक निरोप आहे. मी लिहायला बसलो तेव्हा आबा दारातून परत आले आणि म्हणाले, "आनि असं लिही, मी वाढाया येनारच. पन पोट भरलं की त्येंनी खुशाल हात आडवा धरावा. मला कळंल, पोट भरलंय म्हनून."

नक्की या.

तुमचा,
खर्डा