पाणी न पाहिलेलं जहाज

“घाई न्हाई. समुद्र कुठं पळून चाललाय?”

अप्पांचं हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आवरेना. आमच्या लातुरात समुद्र! तो गाठायचा तर एसटीत अख्खी रात्र हाडं खिळखिळी करून घ्यावी लागतात. पण अप्पा गंभीर होते. बोटभर रुंदीची लाकडी पट्टी नाकासमोर धरून, एक डोळा मिटून, ती सरळ आहे का ते बघत होते.

जिल्हा तेव्हा नवा नवा झाला होता. कचेऱ्यांच्या पाट्या खरवडून त्यांवर नवं नाव रंगवणं चाललं होतं. अप्पा त्यातल्याच एका कचेरीत ट्रेसर होते. म्हणजे मूळ नकाशावर पारदर्शक कापड पसरायचं आणि खालची रेघ न् रेघ शाईने वर उतरवायची. बाजारातल्या गोलाईजवळ माझं फोटोफ्रेमचं दुकान. नव्या जिल्ह्याचा नकाशा घेऊन ते फ्रेम करायला आले, “शरणार्थ” म्हणत हात जोडले, आणि नकाशा बाजूला ठेवून माझ्या कचऱ्याच्या टोपलीतच हात घातला.

“ह्या पट्ट्या फेकायलास काय?”

“मग काय करू, अप्पा? पूजा?”

“जहाज कर की!”

मी म्हटलं, माणूस उन्हाने बिघडलाय. पण पुढच्या रविवारी मी त्यांच्या पत्र्याच्या खोलीत मांडी घालून पट्ट्या तासत होतो. शेजारचे शिंपीमास्तर आधीपासूनच तिथे होते. जहाजाची शिडं शिवणं हे त्यांचं काम. पहिल्याच शिडाला त्यांनी सवयीने काज करून ठेवलं होतं! अप्पा म्हणाले, “ऱ्हाऊ दे. दोरी ओवायला बरंय.”

तर असे आम्ही तिघं. एकानेही समुद्र पाहिलेला नाही. रद्दीत मिळालेल्या एका फाटक्या पुस्तकातल्या आकृत्या अप्पांनी उतरवून घेतल्या होत्या, तेवढंच आमचं भांडवल. त्या खोलीत चार वर्षांत सात जहाजं झाली. तुम्ही म्हणाल, मोठ्या माणसांचा हा पोरखेळ. माझी बायकोही तेच म्हणायची, फक्त जरा जोरात.

अप्पांचा एक नेम होता. जहाज पुरं झालं तरी त्याला लगेच नाव द्यायचं नाही. आधी पाणी दाखवायचं. गावाबाहेरच्या तळ्यावर जायचं, जहाज पाण्यात सोडायचं आणि काठावर बसून चहा प्यायचा. चहा संपेपर्यंत जहाज तरंगलं की ते पास. मग अप्पा आपल्या कोरीव अक्षरात मागच्या फळीवर नाव लिहीत आणि मास्तर साखर वाटत. आणि अप्पांचा चहा म्हणजे काय सांगू! बशीत ओतणार, फुंकणार, इकडचं तिकडचं बोलणार. अर्ध्या तासाच्या आत त्यांचा एक कप कधी संपला नाही.

आठवं जहाज सगळ्यांत मोठं. तीन डोलकाठ्या, दीड हात लांबी, आणि किनवटच्या सागवानाचे तुकडे, जे अप्पांनी वखारीतून एकेक निवडून आणले होते. “ह्याचं नाव ठरलंय,” ते म्हणाले. काय ठरलंय ते काही केल्या सांगेनात. मास्तरांनी देवादिकांची नावं घेऊन बघितली, मी नद्यांची. अप्पा नुसते हसायचे.

जहाज पुरं झालं आणि पाणी गेलं. त्या वर्षी पाऊस झालाच नाही, पुढच्या वर्षी नावाला झाला. तळ्याच्या तळाला भेगा पडल्या, पोरं तिथे क्रिकेट खेळायला लागली. गल्लीत टँकर यायचा आणि त्याच्यामागे अप्पांची बायको, आमच्या अक्का, दोन हंडे घेऊन धावायच्या. एकदा त्याच म्हणाल्या, “घंगाळात सोडा की तुमचं जहाज. मी भरते हंडा.”

अप्पा एकदम चिडले. “तुझ्या डोईवरनं आलेलं पाणी हाय ते. त्यात खेळ करू व्हय?”

अक्का हंडे उचलून आत गेल्या.

त्यात अप्पा रिटायर झाले. त्यांना उदगीरकडे आपल्या गावी परत जायचं होतं. डॉक्टरने छाती जपायला सांगितली होती, मुलगी पत्रावर पत्र पाठवत होती. पण अप्पा हलेनात. “जहाजाला पाणी दाखवतो, नाव लिव्हतो, मग जातो.” पत्र्याखाली लाकूड तापतं म्हणून त्यांनी जहाज माझ्या दुकानात आणून ठेवलं. “जप रे बाबा,” एवढंच बोलले.

आणि मी जपलं! काय जपलं ते ऐका. दोन उन्हाळ्यांत लाकूड आटून फळ्याफळ्यांमध्ये फटी पडल्या होत्या. आता फ्रेमवाल्याला फट दिसली की जिवाला चैन पडत नाही. कोपरा जुळला नाही तर गिऱ्हाईक काय म्हणेल, हीच आमची शिकवण. मी खडूची भुकटी आणि जवसाचं तेल मळून घट्ट लांबी केली, एकूण एक फट ठासून भरली, घासली, वर दोन हात व्हार्निश दिलं. जहाज असं चकाकायला लागलं की माझा मीच खूश. म्हटलं, अप्पा बघतच राहतील.

तिसऱ्या वर्षी तळ्यात पाणी आलं. फार नाही, पण आलं. आम्ही रिक्षाने निघालो. अप्पांना धाप लागत होती म्हणून या खेपेला अक्काही बरोबर आल्या. जहाज बघून अप्पांनी त्यावरून अंगठा फिरवला, फळ्यांच्या सांध्यांपाशी जरा थांबले, माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, कौतुक आहे.

पाण्यात सोडल्यावर काय डौल होता त्याचा! मास्तरांनी टाळ्याच वाजवल्या. अप्पांनी चहा बशीत ओतला. पाचसात मिनिटं गेली असतील, तोच जहाजातून टक् असा आवाज आला. मग आणखी एक. आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला: सुकलेलं लाकूड पाणी पितं, फुगतं. फुगायला लागणारी जागाच मी बुजवून टाकली होती. फळ्या एकमेकींना ढकलत होत्या, बारीक खिळे उचकटत होते. जहाज एका अंगाला कललं.

अप्पांनी बशी तोंडाला लावून रिकामी केली, किटलीत उरलेला कढत चहा कपात ओतला आणि तोही एका दमात नरड्याखाली घातला. डोळ्यांतून पाणी आलं बिचाऱ्यांच्या. अक्का ओरडल्या, “अवो, भाजंल!”

“संपला!” अप्पांनी कप उपडा करून आम्हाला दाखवला. “चहा संपला. जहाज अजून वर हाय. पास!”

मी गुडघाभर पाण्यात धावलो आणि बुडतं जहाज उचललं. उजव्या अंगाच्या फळ्या निघून लोंबत होत्या. मागची फळी तेवढी धड होती. मास्तरांनी विचारलं, “नाव काय लिहायचं, अप्पा?”

भाजलेल्या जिभेने, अडखळत, तळ्याकडे बघत, ते म्हणाले, “महानंदा.”

अक्कांनी पदर तोंडाला लावला. ते त्यांचं नाव. चाळीस वर्षांच्या संसारात अप्पांनी त्यांना ‘ऐकलंस का’च्या पलीकडे कधी हाक मारली नव्हती. आम्हालाही ते नाव त्या दिवशीच कळलं.

परतताना रिक्षात अप्पा माझ्या कानाशी हळूच म्हणाले, “लांबी मात्र लई चांगली घोटली होतीस.” मी ‘चुकलो’ म्हणायला तोंड उघडलं, तर त्यांनी माझ्या मांडीवर थाप मारून विषयच बदलला. दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन त्यांनी नाव लिहिलं. जहाज तुझ्याकडेच राहू दे म्हणाले. आठवड्याने ते गावी गेले आणि थंडीत तिकडेच वारले. ‘चुकलो’ म्हणायचं माझं राहूनच गेलं. अजून लागतं ते मनाला.

वर्षभराने अक्का दुकानात आल्या. तोवर मी फळ्या बसवल्या होत्या, मध्ये फटी ठेवून. त्या स्टुलावर बसल्या, पाणी प्यायल्या, मुलीची खुशाली सांगितली. मग जहाजाकडे बोट करून म्हणाल्या, “मला वाचता येत न्हाई. तेवढं वाचून दाखव की, बाबा.”

मी वाचलं, “महानंदा.”

त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि मान हलवली.

“असं न्हाई रे. त्यांनी म्हणलं होतं तसं म्हण.”