गाऱ्हाण्यात माझं काम

कंपनीने घरूनच काम करायला सांगितलं, तेव्हा मी लॅपटॉप घेऊन डिचोलीजवळच्या आमच्या गावी आलो. आईला वाटलं, मला काढून टाकलं. तिचंही चुकत नव्हतं. खाण बंद पडली तेव्हा बाबा असेच घरी आले होते. 'सध्या घरी राहा, आम्ही फोन करतो,' असं त्यांना सांगितलं होतं. पुढे कित्येक महिने बाबांनी फोन हातातून खाली ठेवला नाही. तो वाजला नाही.

माझं पद कार्डावर दीड ओळ व्यापतं. आईपुढे त्यातला एकही शब्द टिकला नाही.

"लोक मोबाइलवर बसची तिकिटं काढतात ना," मी म्हणालो, "ती यंत्रणा बंद पडू नये म्हणून मी तिच्यावर नजर ठेवतो."

"आणि नाय पडली बंद तर?"

"तर माझं काम चोख झालं."

"म्हणजे कायच घडूक नाय, तर तुझा काम झाला?"

पेज जेवता जेवता बाबा म्हणाले, "ता काम ह्या घरात मी कितकीच वर्सां करतंय. माका पण कार्ड छापून घे."

शेवटी माझी नोकरी टिकेल का, हे विचारायला आईने देवाला कौल लावायचं ठरवलं. दोन ओल्या पाकळ्या मूर्तीच्या उजव्या-डाव्या बाजूला चिकटवतात. उजवी आधी पडली तर होकार. पण त्याआधी गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे देवाला विषय नीट सांगायचा.

"काम काय रे तुझा? देवाक काय सांगू?" देवळात भटजींनी विचारलं.

मी पुन्हा तिकिटांपासून सुरुवात केली. भटजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि हात जोडले. "बा महाराजा, ह्या लेकराचा काम आमका कळूक नाय, तेका सांगूक येणा नाय. तुका सगळा ठावक. ता काम तेच्या हातात ऱ्हवांदे."

"व्हय महाराजा!" आई-बाबा एका सुरात म्हणाले. माझ्या कामाचं इतकं प्रामाणिक वर्णन आमच्या साहेबांनीही कधी केलेलं नाही.

पाकळ्या हलेनात. आई डोळे मिटून उभी. तेवढ्यात माझा फोन वाजला.

"ऑफिसचो?" आईने डोळे उघडले.

"होय. तिकिटं निघत नाहीत."

"मगे उभो कित्याक? बस थंय!"

त्या आठवड्यात बिघाड झाला तर धावायची पाळी माझी होती, म्हणून लॅपटॉप देवळातही बरोबर होता. मंडपातच बसून मी बिघाड शोधला. अर्ध्या तासाने मान वर केली तर तिघंही माझ्या पाठीशी उभी; भटजी तर वाकून लॅपटॉपचा पडदा वाचत होते.

"झाला?" आईने विचारलं.

"झालं. कौल काय आला?"

सगळे गाभाऱ्याकडे वळले. दोन्ही पाकळ्या खाली पडल्या होत्या. आधी कुठली, ते कोणीच पाहिलं नव्हतं. भटजी ओशाळले, पुन्हा लावूया म्हणाले.

"आसूं दे," आई म्हणाली. "फोन इलो मरे."

घरी जाताना वाटेत बाबांनी मला गाठलं. मग म्हणाले, "तेंनी आपणहून केलो फोन?"

"होय."

"लगेच उचललंस, ता बरां केलंस."